सरकत्या ठिपक्याचा पुरावा

मोबाइलवर नकाशा उघडून रेल्वेगाडीचा ठिपका सरकताना पाहण्यात आता कुणाला नवल वाटत नाही. ठिपका कर्जत सोडून घाटाकडे निघालेला दिसतो आणि गाडी त्या क्षणी तिथेच आहे असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तसे नसते. रेल्वेला ठाऊक असते ते एवढेच की अमुक क्रमांकाची गाडी अमुक वाजता अमुक ठिकाणाहून पुढे गेली, किंवा रुळाचा अमुक तुकडा या घडीला व्यापलेला आहे. अशा दोन नोंदींच्या मधली सगळी हालचाल कुणीतरी गणिताने भरून काढलेली असते. हौसेखातर असे नकाशे बनवणाऱ्यांना हे फार लवकर कळते, कारण ते गणित त्यांनाच मांडावे लागते. त्यांच्या कामाकडे आपण अजून खेळ म्हणून पाहतो, आणि फार तर सोय म्हणून. माझ्या मते त्याचे मोल वेगळे आहे. रेल्वेला नेमके काय माहीत असते आणि तिची माहिती कुठे संपते, हे बाहेरच्या माणसाला दाखवणारे दुसरे साधन आज तरी दिसत नाही. मात्र त्यासाठी तयार ठिपका पुरत नाही. त्यामागच्या कच्च्या नोंदी हाती असाव्या लागतात. ब्रिटनमध्ये त्या २०१२ पासून मिळतात. आपल्याकडे त्या जमा होतात, पण बाहेर येतो तो फक्त निष्कर्ष.

गाडी ओळखण्याची रेल्वेची मूळ रीत दीडशे वर्षांची आहे. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १८७२ मध्ये ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. रुळांचा एक तुकडा शेजारच्या तुकड्यांपासून विजेच्या दृष्टीने अलग करायचा, एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले जोडायचा. रूळ मोकळे असतील तर प्रवाह रिलेपर्यंत पोचतो आणि रिले उचललेला राहतो. गाडी आली की चाके आणि आस यांच्यातून दोन्ही रूळ जोडले जातात, प्रवाह वाटेतूनच परततो, रिले पडतो आणि त्या तुकड्यात शिरण्याचा सिग्नल लाल होतो. तार तुटली किंवा बॅटरी उतरली तरी रिले पडतोच. म्हणजे यंत्रणा बिघडली तर ती गाडी असल्याचेच सांगते, आणि सुरक्षेसाठी तेच योग्य. नकाशा काढणाऱ्याला मात्र याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. मुंबईत जोराच्या पावसात रुळांवर पाणी चढले की प्रवाह पाण्यातून गळतो, रिले पडतो, रिकामा तुकडा व्यापलेला दिसू लागतो आणि मागच्या लोकल ओळीने सिग्नलला उभ्या राहतात. याच्या उलटा दोष ब्रिटनमध्ये पानगळीच्या दिवसांत संभवतो. चिरडलेल्या पानांचा थर चाक आणि रूळ यांच्यामध्ये बसला, तर प्रत्यक्ष उभी असलेली गाडी यंत्रणेला दिसेनाशी होऊ शकते. म्हणून तिथल्या अनेक हलक्या गाड्यांना संपर्क पक्का करणारे खास उपकरण बसवावे लागले. गाडी असताना ‘नाही’ आणि नसताना ‘आहे’, अशी दोन्ही प्रकारची चूक ज्या मुळाशी शक्य आहे, त्याच्या आधारावर आपला ठिपका सरकत असतो.

शिवाय तुकडा व्यापला हे कळले, तरी तो कोणत्या गाडीने व्यापला हे ट्रॅक सर्किट सांगत नाही. ब्रिटनच्या सिग्नल यंत्रणेत हे काम ‘ट्रेन डिस्क्रायबर’ करतो. प्रत्येक गाडीला एक आकडा, एक अक्षर आणि दोन आकडे अशी चार चिन्हांची ओळख असते. सिग्नलगणिक एक याप्रमाणे पटावर घरे मांडलेली असावीत, तशी ही यंत्रणा असते. गाडी पुढच्या सिग्नलपाशी गेली की तिची ओळख मागच्या घरातून पुढच्या घरात सरकवली जाते. नेटवर्क रेल या तिथल्या रूळमालक संस्थेने हे सरकणे, सोबत स्थानकांवरच्या आगमन-निर्गमनाच्या नोंदी आणि संपूर्ण वेळापत्रक, असे वेगवेगळे प्रवाह २०१२ मध्ये कुणालाही घेता येतील असे खुले केले. नोंदणी करायची, संगणक जोडून ठेवायचा आणि ‘अमुक ओळख या घरातून त्या घरात, इतक्या वाजता’ असे संदेश अखंड येत राहतात. त्याच वर्षी टॉम केर्न्स यांनी ‘रिअलटाइम ट्रेन्स’ सुरू केले. पीटर हिक्स यांच्या ‘ओपन ट्रेन टाइम्स’ने सिग्नल कॅबिनच्या पॅनेलसारखे रेखाचित्र मांडून त्यावर घरोघरी सरकणाऱ्या गाड्या दाखवल्या. पूर्वी हे दृश्य सिग्नल कॅबिनमध्ये नोकरी करणाऱ्याखेरीज कुणाला दिसत नसे.

या कामातली खरी मेहनत चित्र काढण्यात नसते. संदेशात घराचा क्रमांक येतो. ते घर जमिनीवर कुठे आहे, हे त्यात नसते. कोणत्या घरानंतर कोणते घर येते, कोणती मार्गिका कुठे फुटते, हे हौशी मंडळींनी संदेश साठवून, त्यांचा क्रम लावून, स्थानकाच्या नोंदींशी ताडून शोधले आणि एकमेकांना वाटले. चार चिन्हांची ओळख देशात एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकते. तेव्हा ही लीड्सकडची की ब्रिस्टलकडची, हे वेळापत्रकाशी जुळवून ठरवावे लागते. सिग्नलची स्थिती काही भागांत मिळते, पण ती लाल आहे की नाही एवढीच. पिवळा की हिरवा, ते कळत नाही. अशा प्रत्येक ठिकाणी बनवणाऱ्यासमोर एकच प्रश्न उभा राहतो : आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी दाखवायची का? ‘ओपन ट्रेन टाइम्स’सारख्या चित्रांचे उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटते. तिथे ठिपका सरकत नाही. रुळाचा व्यापलेला तुकडा उजळतो, त्यावर गाडीची ओळख उमटते, आणि पुढचा संदेश येईपर्यंत चित्र स्तब्ध राहते. गाडी त्या तुकड्यात कुठेतरी आहे, यापलीकडे ते काही म्हणत नाही.

नकाशावर गाड्या पळवण्याचा मोह मात्र जुना आहे आणि त्याला लोकांची दादही मोठी मिळते. लंडनच्या भुयारी रेल्वेची माहिती जून २०१० मध्ये खुली झाली, तेव्हा मॅथ्यू सॉमरव्हिल यांनी अगदी थोड्या वेळात तिचा धावता नकाशा बनवला आणि तो जगभर पाहिला गेला. त्यामागची माहिती ‘युस्टन आणि किंग्ज क्रॉस यांच्या दरम्यान’ अशा वाक्यांच्या रूपात आणि पुढच्या स्थानकाला लागणाऱ्या सेकंदांच्या अंदाजात येत होती. पिवळ्या खुणा रेषेवरून सरकत होत्या, त्या या वाक्यांवरून बांधलेल्या अटकळीने. टोकियोचा ‘मिनी टोकियो थ्रीडी’ हा अकिहिको कुसानागी यांचा प्रकल्प त्याहून देखणा आहे. उंच इमारतींमधून डबे धावतात, विमाने उतरतात, आणि तिथली वाहतूक इतकी शिस्तीची की बराचसा भार वेळापत्रकावर टाकला तरी चित्र फारसे फसत नाही. स्वित्झर्लंडमध्येही निव्वळ वेळापत्रकावरून गाड्या पळवणारा हौशी नकाशा लोकप्रिय झाला होता. यातून निघणारा निष्कर्ष सोपा आहे. गाड्या जितक्या वेळेवर, तितकी खोटी हालचाल खपून जाते. ही युक्ती आपल्याकडे आणली की तिचे काय होते ते कोकण रेल्वेवर पाहावे. पावसाळ्यात तिथे वेगच कमी केलेले असतात आणि वेळापत्रक वेगळे लागते. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण पुढचा मार्ग मुख्यतः एकेरी आहे. समोरून येणारी गाडी उशिरा आली की क्रॉसिंग दुसऱ्या स्थानकावर जाते आणि दोन्ही गाड्यांचा पुढचा सगळा हिशेब बदलतो. त्यात मंगला एक्सप्रेससारखी रोज सुटणारी गाडी एर्नाकुलमहून निजामुद्दीनला पोचायला चाळीस तासांहून अधिक वेळ घेते. त्यामुळे एकाच क्रमांकाच्या, वेगवेगळ्या दिवशी निघालेल्या गाड्या एकाच वेळी रुळांवर असतात. नुसत्या क्रमांकाने शोधणारा नकाशा कालची गाडी आजची म्हणून दाखवील, आणि दाखवतानाही ठिपका तितक्याच आत्मविश्वासाने सरकेल.

भारतीय रेल्वेकडे नोंदी नाहीत असे मुळीच नाही. पूर्वी स्टेशन मास्तर फोनवरून गाडीची वेळ सांगत आणि सेक्शन कंट्रोलर ती कागदी तक्त्यावर पेन्सिलने रेघ ओढून नोंदवी. रेल्वेच्या ‘क्रिस’ या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने तो तक्ता संगणकावर आणला. अनेक स्थानकांवर डेटालॉगर असतात, ते रिलेच्या प्रत्येक हालचालीची वेळ टिपतात. इस्रोच्या सहकार्याने ‘आरटीआयएस’ ही उपग्रहाधारित यंत्रणा इंजिनांवर बसू लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने दिलेल्या माहितीनुसार पहिल्या टप्प्यात २,७०० इंजिनांवर ती बसली होती, दोन स्थानकांच्या मध्येही दर तीस सेकंदांनी गाडीची जागा कळत होती आणि वेळा कंट्रोलच्या तक्त्यावर आपोआप उमटत होत्या. ही माहिती प्रवाशाला चौकशी यंत्रणेच्या पानावरून उत्तर म्हणून मिळते : गाडी अमुक स्थानकाहून सुटली, इतकी मिनिटे उशिरा. हे उत्तर कंट्रोलच्या नोंदीवरून आले, उपग्रहावरून आले की अंदाजाने, ते त्यात नसते. ऑक्टोबर २०१२ मध्ये, म्हणजे ब्रिटनच्याच वर्षी, क्रिसने ‘रेलयात्री’ या खासगी कंपनीच्या साथीने ‘रेलरडार’ हा देशभरचा नकाशा सुरू केला होता. वेळेवरची गाडी निळी, उशिराची लाल. पण ब्रिटनने कच्चा प्रवाह खुला करून चित्र लोकांवर सोडले आणि आपण तयार चित्र देऊन प्रवाह आपल्याकडे ठेवला. तो सरकारी नकाशा आज त्या रूपात नाही, आणि त्याच्या जागी दुसरा बनवावा असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटले तर त्याच्या हाती देण्यासारखे काही मागे राहिले नाही.

मग लोकांनी आडवाट काढली. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जने ‘व्हेअर इज माय ट्रेन’ बनवले. त्यातली कल्पना हुशारीची आहे. गाडीत बसलेल्या माणसाचा फोन कोणत्या मोबाइल टॉवरच्या टप्प्यात आहे यावरून, इंटरनेट किंवा जीपीएस नसतानाही, गाडीची जागा काढायची. गूगलने ही कंपनी २०१८ मध्ये विकत घेतली. तंत्र कौतुकास्पद आहे, पण जरा थांबून पाहिले तर व्यवहार विचित्र दिसतो. जी गोष्ट सार्वजनिक पैशातून, रुळावर बसवलेल्या उपकरणांनी आधीच टिपली आहे, तीच प्रवाशांच्या खिशातल्या फोनवरून पुन्हा गोळा करावी लागते, आणि गोळा झालेला साठा एका परदेशी कंपनीकडे जातो. माहिती गुप्त राहिली असे म्हणावे, तर ती राहिलेली नाही.

नोंदी खुल्या करण्याला पहिला आक्षेप तंत्रज्ञांकडून येईल : उपग्रह आला, आता कच्च्या नोंदी कशाला? याचे उत्तर रुळांवरच आहे. दादरच्या आसपास एकाला एक लागून इतक्या मार्गिका आहेत की साध्या जीपीएसची काही मीटरची चूकसुद्धा फास्ट मार्गिकेवरची गाडी स्लोवर नेऊन ठेवते. ट्रॅक सर्किट किंवा जाणाऱ्या आस मोजणारा अ‍ॅक्सल काउंटर ती चूक करत नाही, कारण ते त्या मार्गिकेचेच अंग आहे. साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात उपग्रह दिसत नाही. बोगद्याच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी मात्र असतात. लोकलला वेगळे इंजिन नसते, तिच्या रेकवर उपकरण स्वतंत्र बसवावे लागते. मध्य रेल्वेने २०२२ मध्ये ‘यात्री’ अ‍ॅपसाठी तसे केले. प्रत्येक साधनाला जे दिसते ते दुसऱ्याला दिसतेच असे नाही. ती ताडून पाहायची असतील, तर ती अलग अलग मिळायला हवीत. एकत्र मळून काढलेला ठिपका ताडून पाहता येत नाही.

सुरक्षेचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकणे बरोबर नाही. ११ जुलै २००६ रोजी लोकलमध्ये स्फोट झालेल्या शहराला तर मुळीच नाही. पण आक्षेप नेमका कशावर आहे ते पाहायला हवे. गर्दीच्या वेळी चर्चगेटहून गाड्या कधी सुटतात, हे फलाटावरच्या प्रत्येकाला माहीत असते आणि ते वेळापत्रकात छापलेले असते. एखादी एक्सप्रेस या घडीला कुठे पोचली, हे रेल्वे स्वतःच सांगते. घातपात करणाऱ्याला लागणारी माहिती आजच उघड आहे. झाकलेले आहे ते अभ्यास करणाऱ्याला लागणारे. ७ जुलै २००५ चे स्फोट सोसलेल्या लंडनने पाच वर्षांनी आपल्या भुयारी गाड्यांची माहिती खुली केली, ती धोक्याची कल्पना नव्हती म्हणून नव्हे. लष्करी विशेष गाड्या, काही मालगाड्या वगळाव्यात, हे मान्य. ब्रिटनमध्येही एका प्रवाहात मालगाड्यांची खरी ओळख झाकलेली असे. गाळणी लावता येते हे त्यातून सिद्ध होते. मोठ्या यार्डांतला, सिग्नलच्या आतल्या तपशिलाचा प्रवाह सरसकट द्यावा की काही मिनिटे उशिराने, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. उशिराने दिला तरी अभ्यासाचे काही बिघडत नाही.

यंत्रणेवर ताण येईल ही भीती लंडनमध्ये खरी ठरली होती. २०१० मध्ये मागणी इतकी वाढली की ती सेवा काही काळ बंद ठेवावी लागली आणि भक्कम करून पुन्हा सुरू करावी लागली. पण यातला बोध माहिती बंद ठेवण्याचा नाही. दारच नसले की लोक सरकारी पाने यंत्राकरवी मिनिटामिनिटाला उघडून त्यातून आकडे उपसतात, आणि तो ताण कितीतरी जास्त असतो. एकदा संदेश सोडला आणि तो सर्वांना पोचला, ही पद्धत त्याहून स्वस्त. लंडनच्या वाहतूक संस्थेसाठी डेलॉइटने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत खुल्या माहितीचा फायदा वर्षाला १३ कोटी पौंडांपर्यंत असल्याचा अंदाज होता. असे अंदाज मी थोडे सावधपणे घेतो, कारण वाचलेल्या मिनिटांचे पैसे करताना हात सैल सुटतो. हा अंदाज निम्म्यावर आणला तरी सर्व्हरचा खर्च निघून बरेच उरेल. आपल्याकडेही उदाहरण नाही असे नाही. दिल्लीने २०१८ पासून बसगाड्यांच्या जागा खुल्या केल्या आहेत आणि त्यावर विद्यार्थी काम करतात.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : हौशी नकाशावर विसंबून कुणाची गाडी चुकली, किंवा त्याहून वाईट, फाटक नसलेल्या वाटेवर नकाशा पाहून कुणी रूळ ओलांडले तर? दुसऱ्या गोष्टीला कोणतेही उत्तर नाही आणि ते शोधूही नये. रिलेपासून पडद्यापर्यंत संदेश पोचायला लागणारा वेळ कमीजास्त होतो, मधला एखादा संदेश हरवतो, आणि नकाशावर रिकामा दिसणारा रूळ रिकामा असेलच असे नाही. अशा नकाशांचा तो उपयोग कधीही होता कामा नये आणि तसे प्रत्येक नकाशावर ठळक लिहिले पाहिजे. गाडी चुकण्याबद्दल मात्र प्रश्न उलटा विचारावा लागेल. सरकारी अ‍ॅप चुकत नाही का? चुकते. फरक एवढाच की ते कुठे चुकले हे शोधण्याची सोय नाही. कच्च्या नोंदी असलेल्या नकाशावर शेवटचा संदेश किती मिनिटांपूर्वीचा आहे हे दाखवता येते, माहिती शिळी झाली की ठिपका फिका करता येतो, दोन संदेशांच्या मधला सगळा टप्पाच रंगवता येतो. हे करायला काही ओळींचा कोड लागतो. आजच्या अ‍ॅपमध्ये ते क्वचितच केलेले असते, कारण संशय दाखवणारे चित्र विकायला कठीण.

आणि ‘माझी गाडी कुठे’ याखेरीज दुसरे प्रश्न आहेत, ज्यांसाठी नकाशा हे साधनच नव्हे. गाडी वेळेवर आली की नाही, हे आपल्याकडे मुख्यतः शेवटच्या स्थानकावर मोजले जाते. वेळापत्रकात अखेरच्या टप्प्यात सैल वेळ ठेवलेला असतो, त्यामुळे वाटेत अर्धा तास मागे पडलेली गाडीही टर्मिनसला वेळेवर पोचू शकते. मधल्या स्थानकावर उतरणाऱ्याचा अर्धा तास त्या आकडेवारीत येत नाही. ब्रिटनमध्येही पूर्वी अंतिम स्थानकावर पाच किंवा दहा मिनिटांची सूट देऊन हिशेब होई. २०१९ पासून तिथे नोंद होणाऱ्या प्रत्येक थांब्यावर, मिनिटाच्या हिशेबाने, वेळेवरपणा मोजणे हे मुख्य मोजमाप झाले. तेव्हा प्रत्येक थांब्याच्या नोंदी कित्येक वर्षे लोकांच्या पडद्यावर होत्या. एकामुळे दुसरे झाले असा दावा मी करणार नाही, पण बाहेरच्यांना जे दिसतच आहे ते आकडेवारीतून वगळणे अवघड होते, एवढे नक्की.

असा अभ्यास करायचा तर नकाशा बाजूला ठेवून एका जुन्या चित्राकडे जावे लागते. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्थानके, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. पॅरिस–लिऑन मार्गाचा असा आलेख एत्येन-ज्यूल मारे यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या पुस्तकात छापला आणि त्याचे श्रेय इब्री या अभियंत्याला दिले. कंट्रोलरचा तक्ता हाच आलेख आहे. रेघ जितकी उभी तितका वेग जास्त, आडवी झाली म्हणजे गाडी थांबली, आणि एकेरी मार्गावर दोन रेघा फक्त स्थानकावरच एकमेकींना छेदू शकतात. कोकण रेल्वेला हा आलेख जितका साजेल तितका दुसऱ्या कशाला साजणार नाही. रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या गाड्या चित्ररूपात दाखवणारे पान तिच्या संकेतस्थळावर फार पूर्वीपासून आले होते, म्हणजे इच्छा आणि नोंदी दोन्ही होत्या. त्या पानामागे प्रत्येक स्थानकाची वेळ, कोणत्या साधनाने ती टिपली आणि गाडी कोणत्या तारखेला निघालेली आहे, एवढ्या तीन गोष्टींचा प्रवाह खुला केला, अगदी एका तासाच्या उशिराने, तरी वर्षभरात रत्नागिरीचा एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी सांगू शकेल की गणपतीच्या जादा गाड्या सुरू झाल्या की पॅसेंजर कोणत्या स्थानकावर, कुणाच्या क्रॉसिंगसाठी, किती वेळ उभी राहते, आणि त्यातली किती क्रॉसिंग वेळापत्रकात मुळात ठरलेलीच नव्हती.